व्लास्ता आणि एकशे दहा पौंड

व्लास्ता कुबिचेक आमच्या गावच्या धान्य कोठारात वजनकाट्यावर एकतीस वर्षं बसली. इथे नेब्रास्कात जे काही पिकतं, मका म्हणा, सोयाबीन म्हणा, ते सगळं तिच्या खिडकीसमोरून गेलं. ट्रक काट्यावर चढला की ती चष्म्यावरून आत बघायची आणि ओरडायची, "कुत्रा खाली उतरव आधी!" कुत्र्याचं वजन मक्यात धरायचं नाही, हा तिचा कायदा. माझा सासरा दर वर्षी कुत्रा उतरवायला विसरायचा आणि दर वर्षी बोलणी खायचा.

मी एमिल हावलिक. कोठाराच्या समोर माझं टायरचं दुकान आहे. तिची ती एकतीस वर्षं आम्ही समोरासमोर काढली, त्यातली निम्मी भांडण्यात. व्लास्ताइतकी हट्टी बाई मी पाहिली नाही आणि तिच्याइतकी सरळही पाहिली नाही. हे तिच्या तोंडावर मी कधी म्हणालो नाही, म्हणणारही नाही.

तिचा नवरा डेल्मार गावात टपाल वाटायचा. कोणाच्या दारात कुत्रा आहे, कोणाच्या मुलाचं पत्र यायचं राहिलंय, सगळं त्याला पाठ. आता त्याला स्वतःच्या घराचा नंबर सांगता येत नाही. परक्या खोलीत ठेवलं की त्याचा जीव घाबरा होतो, दार कुठे, खिडकी कुठे, शोधत राहतो. म्हणून व्लास्ताने गाडीमागे ओढायचं ते ट्रेलर-घर घेतलं. त्यात त्याची तीच गोधडी, त्याच खुंटीला तोच कप. ट्रेलर कुठेही उभा केला तरी आत डेल्मारचं घरच असतं. तो कप काढतो, कॉफी मागतो आणि विचारतो, "लोवेलकडे कधी जायचं?"

लोवेल हा त्याचा मोठा भाऊ, तिकडे माँटानात असतो. डेल्मारला अजून ओळखता येतात अशी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी, त्यांत लोवेल पहिला. डॉक्टरांनी व्लास्ताला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "भेटवायचं असेल तर पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत भेटवा. पुढचं सांगता येत नाही."

ट्रेलर मार्चमध्ये आला. जूनमध्ये डाव्या मागच्या चाकाचा टायर आतल्या कडेने गुळगुळीत झाला. मी बदलून दिला. ऑगस्टमध्ये पुन्हा तोच टायर, तीच कड. मग मी खाली झोपून नीट पाहिलं. अ‍ॅक्सलचं म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्याचं, त्या बाजूचं टोक कारखान्यातच वाकडं जोडलेलं होतं. असला ट्रेलर माँटानापर्यंत नेणं म्हणजे वाटेत टायर फुटून दोघं कुठेतरी खड्ड्यात. मी तसं लिहून दिलं, व्लास्ताने वॉरंटीचा अर्ज कंपनीला पाठवला.

दीड महिन्याने उत्तर आलं. तीन ओळी. क्षमतेपेक्षा जास्त वजन भरल्यामुळे अ‍ॅक्सल वाकला आहे, सबब वॉरंटी लागू नाही. खाली बारीक अक्षरात, परस्पर दुरुस्ती केल्यास उरलेली वॉरंटीही बाद.

व्लास्ता पत्र घेऊन माझ्या दुकानात आली. "वाच. मोठ्याने वाच."

मी वाचलं आणि मला हसू फुटलं. "तुला? ओव्हरलोड म्हणतात? अगं, माशाला सांगतात का पोहायला शिक!"

"हसतोस काय दात काढून?" ती म्हणाली. तिने पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं. तेव्हा माझं हसू विरलं.

पुढे तिने कंपनीला किती फोन केले त्याला गणती नाही. प्रत्येक वेळी नवा आवाज, नवं नाव, मधे अर्धा अर्धा तास फोनवर तेच ते संगीत. ती वहीत वेळ लिहायची, नाव लिहायची, आणि फोन ठेवून डेल्मारला म्हणायची, "जाऊ हं, लोवेलकडे जाऊ." शेवटी तिने तालुक्याच्या छोट्या कोर्टात अर्ज केला. तिथे वकील लागत नाही, आपलं आपणच बोलायचं.

ट्रेलर घेतल्यापासून प्रत्येक प्रवासाआधी ती तो कोठाराच्या काट्यावर नेऊन तोलून घ्यायची. सवयच. चौदा पावत्या कोलाचेच्या, म्हणजे आमच्याकडच्या गोड पावांच्या, रिकाम्या खोक्यात तारखेवार लावलेल्या. सुनावणी लागली ती पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये. तिच्या आदल्या दुपारी व्लास्ताने त्या माझ्या टेबलावर मांडल्या. ट्रेलरची मर्यादा सात हजार पौंड. सहा हजार सातशे, सहा हजार आठशे... आणि नववी पावती, सप्टेंबरची. सात हजार एकशे दहा.

ती पावती माझी होती. माझ्या वडिलांची ऐरण. ते लोहार होते. माझी मुलगी डेन्व्हरला घोड्यांना नाल ठोकते, तिला आजोबांची ऐरण हवी होती. व्लास्ता नवा टायर घालून डेल्मारला तिकडच्या डॉक्टरांना दाखवायला निघाली होती, मी दीडशे पौंडांचं ते धूड तिच्या ट्रेलरमध्ये चढवलं. काट्यावर आकडा आला तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली. मी ऐरणीवर हात ठेवून उभा होतो, काय तोंड केलं होतं कुणास ठाऊक. हळू चालवत गेली, ऐरण पोचवून आली. एकतीस वर्षांत तिने सोडलेलं ते एकच वजन.

"ही काढून टाक," मी म्हणालो. "तेरा पुरे आहेत."

"चौदा वेळा तोललं, चौदा पावत्या."

"व्लास्ता, ते लोक हीच एक दाखवतील! डेल्मारचा उन्हाळा जाईल माझ्या ऐरणीपायी!"

"मग जाईल," ती म्हणाली. तिने पावत्या खोक्यात भरल्या. मी रागाने पाना आपटला. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

कोर्टात डेल्मार तिची पर्स मांडीवर घेऊन माझ्याशेजारी बसला. कंपनीकडून चकचकीत बुटांचा एक तरुण गृहस्थ आला होता. त्याने खोकं चाळलं आणि नेमकी तीच पावती वर धरली.

"यांच्याच कागदांत आहे. एकशे दहा पौंड जास्त."

"हो," व्लास्ता उभी राहून म्हणाली. "मीच जोडलीय. चूक माझी. आकडा दिसला तरी मी गेले."

न्यायाधीश बाईंनी विचारलं, "जास्तीचं काय होतं?"

व्लास्ता खोक्यातल्या पावत्या सरळ करत राहिली. माझं नाव घ्यायचं नव्हतं तिला. मला राहवलं नाही, मी उठलो. "बाई, माझी ऐरण होती. आणि तिने माझ्यासाठी नेली. पण तारीख बघा ना! सप्टेंबर. टायर जूनमध्ये गेला, ऑगस्टमध्ये गेला, अर्जसुद्धा ऑगस्टचा. ऐरण त्यानंतर चढली."

"बसा खाली," न्यायाधीश म्हणाल्या, "बोलायची पाळी येईल तुमची." मग मी आणलेले दोन्ही टायर त्यांनी जवळ मागवले. झिजलेल्या कडेवरून बोट फिरवलं, खडूने लिहिलेल्या तारखा वाचल्या. उजव्या बाजूच्या चाकांचे फोटो मागितले. ते टायर नव्यासारखे होते.

"वजनाने वाकला असता तर एकच बाजू कशी वाकली?" त्यांनी त्या तरुणाला विचारलं.

तो म्हणाला, "या पावत्या यांच्याच ओळखीच्या काट्यावरच्या आहेत. आकडे कसेही टाकता येतात."

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "आकडे कसेही टाकायचे असते तर यांनी हा टाकला असता का?"

तरुण खाली बसला. निकाल त्याच दिवशी लागला. कंपनीने तीस दिवसांत नवा अ‍ॅक्सल बसवून द्यायचा. बाहेर पायऱ्यांवर व्लास्ता माझ्या दंडाला धरून उभी राहिली आणि रडली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. डेल्मारने पर्स उघडून तिला रुमाल दिला आणि विचारलं, "लोवेलकडे कधी जायचं?"

"आता जायचं," ती म्हणाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते निघाले. काट्यावर ट्रेलर चढला तेव्हा मीही बघायला गेलो. "ऐरण बिरण नाही ना रे कुठे लपवलीस?" तिने विचारलं आणि सगळी कपाटं उघडून पाहिली.

तीन आठवड्यांनी टपालाने पाकीट आलं. आत परतीच्या वाटेला लागण्यापूर्वी माँटानातल्या कुठल्याशा काट्यावर घेतलेली पावती. मागे पेन्सिलने लिहिलं होतं, "चारही टायर सारखे आहेत. लोवेल दारात उभा होता. डेल्मार गाडीतून उतरला आणि म्हणाला, लोवेल, केवढा म्हातारा झालास रे."

मी ते दुकानात उभ्याउभ्याच वाचलं. गिऱ्हाईक समोर होतं, त्याला म्हटलं, जरा थांब. मग पावती उलटी करून वजनही वाचलं. सहा हजार सातशे ऐंशी. परत आल्यावर ती पहिलं तेच विचारणार होती.