अष्टमीला पाहिलेलं शेत

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणच्या पुढे एका माळावर उभा होतो. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून पाहणीचा तक्ता भरत होतो. आमच्या कार्यालयाचं कामच ते. एखाद्या कंपनीला जागा हवी असली की आधी त्या जागेची पाहणी करून अहवाल द्यायचा. 'जमिनीचा सध्याचा वापर' या रकान्यावर पेन टेकवलं आणि सुषमाचा, माझ्या बायकोचा, फोन वाजला. "काका जेवायला उठत नाहीयेत. खुर्चीतच आहेत. तुम्ही या..." एवढंच ती म्हणाली. रकाना तसाच सोडून मी निघालो. चाकण ते सांगवी, वाहतुकीत दीड तास लागला. आणि सांगायला लाज वाटते, त्या दीड तासात दुःखाच्याही आधी माझ्या मनात आलं ते हे की आता रविवारी मला कोणी विचारणार नाही. काय विचारणार नाही, ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

हिराजीकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमचं गाव रायगडच्या किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी. तिथली भातखाचरं भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर आहेत. समुद्र आणि भात यांच्यामध्ये आहे तो फक्त मातीचा एक लांब बांध. या जमिनीला आम्ही खार म्हणतो. बांधाला एका ठिकाणी लाकडी फळीचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला शेतातलं जास्तीचं पाणी तिच्यातून बाहेर जातं आणि भरती आली की समुद्रच फळी दाबून दार लावून घेतो. बांध साऱ्या गावाचा. पावसाआधी प्रत्येक घरातून एक माणूस चिखल काढायला यायचा, ज्याचं शेत बांधापासून लांब तोही. पण बांधावर रोज फिरणारा माणूस एकच, आमचे काका. ते टाच आपटत चालायचे. टाचेखाली माती पोकळ वाजली की तिथं खेकड्याचं, आमच्याकडे म्हणतात त्या चिंबोरीचं, बीळ आहे हे त्यांना कळायचं. अशा एका बिळातून उधाणाचं पाणी शिरलं की बांध फुटतो आणि तीन-चार वर्षं त्या शेतात भात उगवत नाही.

तालुक्याच्या शाळेचा रस्ता त्या बांधावरूनच जायचा. अमावास्या-पौर्णिमेला पाणी बांधाच्या माथ्याशी आलेलं असायचं. काका पुढे टाच आपटत, मी मागे दप्तर डोक्यावर घेऊन. "मी टेकवलाय तिथंच पाय ठेव. तुज्या मनानं चालू नको," असं ते म्हणायचे. कोल्हा दिसला आणि मी दगड उचलला तर माझं मनगट धरायचे. "त्याला कनाला मारतंस? रातभर चिंबोऱ्या खातंय त्ये. बांधाचा राखनदार त्यो, मी नुसता मुकादम." पाणमांजर त्यांच्या तळ्यातला जिताडा मासा पळवायचं, तेव्हा मात्र ते त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. पण सापळा कधी लावला नाही. कांदळवनातली ओली काठीसुद्धा कोणाला तोडू द्यायचे नाहीत. लाट आधी त्या झाडांवर फुटते आणि दमूनच बांधाशी येते, हे मी पर्यावरणशास्त्राच्या पुस्तकात वाचलं त्याच्या दहा वर्षं आधी त्यांच्या मागून चालताना ऐकलेलं होतं. आमच्या घरात मी पहिला पदवीधर. निकालाच्या दिवशी काका गावभर सांगत फिरले, "आमचा पोरगा आता पान्याचं शास्त्र शिकलाय."

चिंचवडच्या कार्यालयात मला दोन वर्षं झाली होती तेव्हा आमच्याच खाराचं काम आलं. एका कंपनीला कंटेनर ठेवायला मोठं आवार हवं होतं. सर म्हणाले, "तुझ्याच भागातलं आहे, लोक तुझ्याशी बोलतील, एका दिवसात उरकून ये." मी काकांना फोन केला. ते खूश झाले आणि लगेच म्हणाले, "पावसान ये. आता शेत निजलंय." मे महिना होता. मी म्हणालो, अहवाल याच महिन्यात द्यायचा आहे. "मंग निदान उधानाला ये. भरती बगून ये." मी कार्यालयाच्या गाडीच्या सोयीनं गेलो. भर दुपारी बारा वाजता. अष्टमी होती, म्हणजे भरती मुळातच लहान आणि दुपारी बाराला नेमकी ओहोटी. ज्या पोरानं शाळेची दहा वर्षं तिथी पाहून रस्ता धरला होता, त्यानं त्या दिवशी कॅलेंडरकडे पाहिलंसुद्धा नाही.

काकांनी मला सगळं दाखवलं. डोक्याला टॉवेल बांधून ते पुढे, मी कॅमेरा घेऊन मागे. शेतं भेगाळलेली, वर मिठाचा पांढरा थर. बांधापलीकडे नुसता चिखल. कोल्हे दिवसा दिसतात थोडेच. काका म्हणत होते, इथं खारं भात येतं, इथं पाणमांजराची वाट आहे, ह्या ढोलीत घुबड. मी ऐकत होतो, पण तक्त्यात फक्त 'पाहणीवेळी आढळलेले' असा रकाना होता आणि साडेतीनला गाडी परत निघणार होती. मी लिहिलं : 'सदर क्षेत्र पडीक व क्षारयुक्त. लागवड नाही. उल्लेखनीय वन्यजीव आढळले नाहीत.' खोटं त्यात काहीच नव्हतं. त्या दिवशी, त्या तासाला, तसंच दिसत होतं... ही सबब मी स्वतःला किती वर्षं सांगत आलो! काकांनी निघताना गाडीत आठ शहाळी ठेवली. सरांसाठी दोन वेगळी.

पुढचं एकट्या माझ्या कागदानं झालं असं म्हणणं म्हणजे स्वतःला उगाच मोठं करणं होईल. पण सुरुवात त्यानं झाली. मुंबईला राहणाऱ्या खातेदारांनी 'पडीक' हा शब्द वाचून जमिनी देऊन टाकल्या. निम्म्या घरांची शेतं गेली, तशी त्या घरांतली माणसं बांधावर यायची थांबली. कंपनीच्या ठेकेदारानं कांदळवनावर भराव टाकला, आवाराला तारेचं कुंपण घातलं, कोल्हे निघून गेले. चिंबोऱ्या मात्र वाढल्या. काका एकटेच टाच आपटत फिरत राहिले. तिसऱ्या वर्षी भाद्रपदातल्या अमावास्येला बांध फुटला आणि खारं पाणी उरलेल्या शेतांत आणि आमच्या विहिरीत शिरलं. काकू आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही. विहीर खारट झाल्यावर मी त्यांना सांगवीला घेऊन आलो. शेजारीपाजारी म्हणाले, पुतण्या असावा तर असा. मी ते ऐकून घेतलं.

सांगवीत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी त्यांना मुळा नदीच्या पुलावर नेलं. बराच वेळ ते कठड्याला धरून उभे राहिले. "हिला भरती न्हाई?" मी नाही म्हणालो. "मंग ही जीव कदी धुते?" पुढे जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरलेला होता. त्यावर म्हणाले, "आनि ह्ये कोनाचं शेत?" आमच्या सोसायटीचे वॉचमन दत्ताभाऊ लातूरकडचे. त्यांची आणि काकांची लगेच जमली. "काका, आमच्याकडं प्यायला पाणी न्हाई आन् तुमच्याकडं पाण्यानं शेत बुडालं. अदलाबदल करूत का राव?" "करू की. पन आमचं पानी पिऊन बग आदी," काका म्हणायचे आणि दोघं हसायचे.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ते पेन्सिलीनं रोजची भरती लिहायचे. हिशेब साधा. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. समुद्रापासून इतक्या लांब, डोंगर ओलांडून अलीकडे, हे कशाला, असं सुषमानं एकदा विचारलं. ते म्हणाले, "आपन हितं आलो म्हनून त्यो थांबलाय व्हय?"

गेल्या वर्षी दिवाळीनंतर शेजारच्या गावची दोन माणसं काकांना भेटायला आली. त्यांच्या खारावरही तसंच आवार येऊ घातलं होतं. त्यांनी नव्या अहवालाची झेरॉक्स आणली होती. ती माणसं गेल्यावर काकांनी कागद माझ्या हातात दिला. "माजा चश्मा कुटं गेला कोन जानं. वाच." मी वाचू लागलो आणि तिसऱ्या ओळीत माझंच वाक्य आलं. कोणी तिथं गेलंसुद्धा नव्हतं. 'मागील पाहणीनुसार' असं लिहून माझी ओळ जशीच्या तशी उतरवली होती आणि खाली संदर्भ म्हणून माझं नाव. मी नावाच्या अलीकडे थांबलो.

"खाली नाव असंल की."

"नीट दिसत नाही, काका."

"बरं."

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. मला दिसत होता, आणि मला दिसतो आहे हे त्यांनाही कळत होतं. ज्या माणसानं मला टॉवेल बांधून उन्हात सगळं फिरवून दाखवलं, त्याच्यापासून मी काय लपवत होतो?

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीची जुनी वही घेऊन बसले. "त्या टायमाला चुकलं. आता नीट लिव." त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं, तीन रविवार. कोणत्या महिन्यात उघाडीची फळी काढतात, कोणतं भात खारं पाणी सोसतं, कापणीनंतर कोणते पक्षी उतरतात, कोल्ह्याची बिळं कुठं, पाणमांजर पिल्लं घेऊन कधी येतं. शेवटी मी स्वतः लिहिलं की माझी पाहणी मे महिन्यातली, ओहोटीच्या वेळची आणि अपुरी होती, ती ग्राह्य धरू नये. खाली सहीची जागा सोडली. सही करून तो कागद नव्या आवाराच्या परवानगीची सुनावणी घेणाऱ्या कार्यालयाला पाठवायचा, इतकंच उरलं होतं.

ती सही मी सात महिने केली नाही. नोकरीची भीती होती, फ्लॅटचे हप्ते होते, सरांचे उपकार होते. प्रत्येक रविवारी चहाच्या वेळी काका विचारायचे, "सही झाली?" मी म्हणायचो, "सरांशी एकदा बोलतो." "बोल, बोल. तुज्या पोटावर मना पाय न्हाई द्याचा. पन पाऊस लागायच्या आत कर." एका रविवारी मी मुद्दाम चाकणला ओव्हरटाइम आहे असं सांगून बाहेर पडलो आणि दुपारभर आळंदीच्या घाटावर बसून राहिलो. संध्याकाळी परतलो तर त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. बुटांना माळावरची धूळ नव्हती. त्या दिवशी त्यांनी सहीचं विचारलं नाही.

ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आठ दिवस आधी, ते खुर्चीत बसल्या-बसल्या गेले. तेराव्याला दत्ताभाऊ म्हणाले, "काका सांगायचे, माजा पुतन्या येक कागद लिवतोय, मोटा कागद हाय." त्या रात्री मी सही केली. हिंमत आली म्हणून नव्हे. विचारणारा माणूस गेल्यावर केलेल्या सहीला हिंमत म्हणत नाहीत. कागद गेला, पोच आली. सरांना सांगितलं. ते इतकंच म्हणाले, "उद्यापासून साइटवर जाऊ नकोस, बघू." ते अजून बघताहेत.

कॅलेंडर मी उतरवलेलं नाही. काकांनी पेन्सिलीनं पुढचे महिनेही भरून ठेवलेत, वर्षाअखेरपर्यंत, रोजची भरती. परवा श्रावणाचं पान उलटून पाहिलं. सुनावणी त्या शेजारच्या गावातच, वद्य द्वितीयेला सकाळी अकराला, हे तिथल्या माणसांनी काकांना फोनवर कळवलं होतं. त्या चौकटीत 'दीड' लिहून त्यांनी भोवती गोल केला आहे, आणि बाजूला त्यांच्या मोठ्या वाकड्या अक्षरात : 'सायबांना जेवाय बसू देऊ नको. बांदावर ने.'

त्या दिवशी दीड वाजता त्या गावच्या बांधाच्या एका बाजूला छातीइतकं खारं पाणी उभं असेल आणि दुसऱ्या बाजूला, त्याहून खाली, हिरवं भात. मी रजा टाकली आहे. सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या पुढे मला चालायचं आहे, आणि गेले काही दिवस मी सांगवीच्या नदीकाठी टाच आपटून चालून पाहतो. पोकळ जागा कशी वाजते, ते मला अजून नीट ओळखता येत नाही.