गुरुजींची शनिवारची वही

सोनकांबळे गुरुजी गेल्याचं त्यांच्या मुलीनं, सुजातानंच फोनवर सांगितलं. "काका, बाबा गेले. या लवकर." मी हो म्हणालो, आणि सवयीनं घड्याळ बघून वेळ टिपून ठेवली... अकरा वर्षं मी या माणसावर पाळत ठेवून होतो.

मी भोकरला पोलिसांच्या गोपनीय कामावर हवालदार होतो. गुरुजी किनवटच्या आश्रमशाळेत असताना पोरांच्या जेवणावरून त्यांनी वरपर्यंत अर्ज केले आणि त्यांचं नाव आमच्या यादीत आलं. निवृत्त होऊन ते भोकरला आले, तरी नाव काही निघालं नाही. गोपनीय म्हणजे काय, तर साध्या कपड्यातला मी, आणि मला ओळखणारं अख्खं गाव! पहिल्याच शनिवारी गुरुजींनी दार उघडलं. "हवालदारसाहेब, उन्हात कशाला उभं राहून राहिले? आत या, कुठं कुठं गेलतो ते मीच सांगतो." तेव्हापासून दर शनिवारी त्यांच्याकडं चहा ठरलेला. पुढं पुढं ते आपली हालचाल एका वहीत लिहूनच ठेवू लागले आणि मी ती अहवालात उतरवून घ्यायचो. इतका प्रामाणिक संशयित खात्याला दुसरा मिळाला नसेल.

एका शनिवारी मेहुण्याकडं कंदुरी होती. मटण सोडून कोण जातो? "आठवडाभर घरीच," असं गुरुजींकडं न जाताच अहवालात ठोकून दिलं. मला काय ठाऊक, वरच्यांचा आता आमच्या पायांवर भरवसा राहिलेला नाही. कुणाचा फोन कुठं फिरतो ते त्यांना बसल्या जागी दिसतं. फोन लातूरला आणि गुरुजी माझ्या कागदावर घरी! साहेबांनी बोलावलं. माझ्या निवृत्तीला चार महिने होते. म्हणालो, "गुंगारा दिला साहेब त्यानं. लई पोचलेला माणूस हाय."

साहेबांनी गुरुजींच्या नावापुढं तसाच शेरा मारला. त्या शेऱ्यावर सुजाताची सरकारी नोकरी अडकली. निवड झाली होती, फक्त पोलीस पडताळणी बाकी होती. गुरुजी मलाच म्हणायचे, "कुठं अटकलंय, जरा बघा की. तुमच्याबिगर तिथं आमचं कोण हाय?" मी बघतो म्हणायचो आणि चहा प्यायचो. चहा चांगला असायचा. वाट बघता बघताच ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सुजातानं ती वही माझ्या हातात ठेवली. "बाबा म्हणायचे, ही काकांची हाय." वही घेऊन साहेबांपुढं उभा राहिलो असतो, खोटं मी बोललो म्हणालो असतो, तर पोरीची नोकरी वाचली असती. माझ्या पेन्शनचं काय झालं असतं, देव जाणे. निवड यादीची मुदत संपायला तेव्हा तीन आठवडे होते. ती गेल्या सोमवारी संपली, म्हणून आज हे लिहितोय. लाज वाटते, पण तीही आज वाटते.

वही माझ्या कपाटात आहे. त्या आठवड्याचं पान मी रोज उघडतो. टपोऱ्या अक्षरात लिहिलंय : "शुक्रवार. सुजातासोबत लातूर, कागदपत्रं तपासणी. शनिवार. हवालदारसाहेब आले नाहीत. बरं नसेल. उद्या बघून यावं."

रविवारी ते आले होते, डाळिंबं घेऊन. लातूरला गेल्याचं तेव्हाच सांगितलं त्यांनी. अहवाल सोमवारी जायचा होता, समोर टेबलावरच पडला होता... पुन्हा लिहायचा मला कंटाळा आला.