काळ्या लाकडाचा पेन

माझा बाप नागपुरात लाकडाच्या वखारीत ओझी वाहायचा. सागाचे ओंडके. खांद्याची कातडी कायम सोललेली. आई तिथला भुसा पोत्यात भरून आणायची, त्याच्या शेगडीवर भाकरी व्हायची. बाप खोकून खोकून गेला तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. हे मी ताठ मानेनं सांगतो.

नोकरीनं इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत आणलं. शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्याच्या शेडमध्ये लाकूड कातायचा लेथ होता. त्याच्याकडे लाकडाचे पेन कातायला शिकलो. आफ्रिकन ब्लॅकवुड. काळंभोर, पाण्यात दगडासारखं बुडणारं. घाई केली की रिफिलचं भोक पाडतानाच तडकतं.

तिथल्या मराठी मंडळात सगळे मला पहिल्या नावानंच ओळखायचे. मंडळ चालवणाऱ्या काकूंना माझा पेन फार आवडला. म्हणाल्या, दसऱ्याला सरस्वतीपुढं तुझाच ठेवू. मी नवा केला. आई तेव्हा व्हिजिटर व्हिसावर आली होती. म्हणाली, मी ठेवते.

दसऱ्याला मंडळाच्या हॉलमध्ये तिनं तो सरस्वतीपुढच्या पाटावर ठेवला, हात जोडले. काकूंनी हसत विचारलं, तुम्ही नागपूरच्या, पण कोणापैकी?

"आम्ही मातंग जी."

काकूंचं हसू तसंच राहिलं. त्यांनी पेपर नॅपकिन घेतला. त्यात धरून पेन उचलला.

"अहो, हा रॅफलच्या बक्षिसांच्या टेबलावर ठेवू या. इथं गर्दी होतेय."

पाटावर फक्त दोन लॅपटॉप होते आणि एक वही.

बाकीचे आपापल्या फोनकडे बघू लागले. सगळे शिकलेले. माझ्याबरोबर बॅडमिंटन खेळणारे.

आणि माझी आई म्हणाली, "चुकलं बाई. माफ करा."

तिथं मी तुटलो.

रॅफलच्या टेबलावरून पेन उचलला. "काकू, हा बक्षिसात जाणार नाही. आणि माझी आई कुणाची माफी मागणार नाही."

आईला कोट घातला. बाहेर पडलो. बसमध्ये ती सारखी म्हणत होती, कशाला बोललास, तुला याच लोकांत राहायचं आहे.

ती परत इंग्लंडला आली नाही. पुढं वारलीच. आयुष्यात एकदा विमानात बसली, आणि मी तिला हे दाखवलं.

मंडळाची पायरी मी पुन्हा चढलो नाही. स्वतःचा लेथ घेतला. आता क्राफ्ट फेअरमध्ये माझं पेन विकायचं टेबल असतं. प्रत्येक पेनावर माझं आडनाव कोरलेलं, पूर्ण. ज्याला ते हातात धरवत नसेल, त्यानं घेऊ नये.