‘हिप्नोटाइझ’चे प्रात्यक्षिक

तळेगाव ढमढेरेच्या बाजारपेठेत एका दुकानावरच्या खोलीत इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास होता. मी तेव्हा तालुक्याचा बातमीदार. कंपन्यांची इंग्रजी पत्रके वाचताना अडखळायचो, म्हणून जात असे. सरांचा नियम एकच: क्रियापदाचा अर्थ मराठीत सांगायचा नाही, करून दाखवायचा. ‘जंप’च्या दिवशी खालच्या दुकानात छताचे पोपडे पडले होते.

खोलीचे मालक ऊस बागायतदार. विद्यार्थी वाढले नाहीत तर खोली मोबाइलवाल्याला देणार, असे त्यांनी बजावले होते. म्हणून सरांनी बाजारच्या दिवशी फुकट तास ठेवला. लोक जमले. मालकही मागे येऊन बसले. सरांनी फळ्यावर शब्द लिहिला: हिप्नोटाइझ.

पहिल्या बाकावर एक मेंढपाळ आप्पा होते; सुनेला क्लास लावायचा की नाही, हे ठरवायला तिच्यासोबत आलेले. सरांनी दोऱ्याला बांधलेली किल्ली त्यांच्या डोळ्यांपुढे हलवली.

“आप्पा, जड वाटतंय?”

“किल्ली तुमच्या हातात हाय. मला कशी जड वाटंल?”

“झोप येतेय?”

“आत्ताच च्या घेतलाय.”

लोक हसले. दोघे उठून जिन्याकडे गेले. सरांचा चेहरा उतरला.

सून म्हणाली, “आप्पा, खुरं कापताना मेंढीला करता, ते दावा की.”

विकायला आणलेली मेंढी खालीच बांधली होती. आप्पांनी ती वर आणली, मागच्या अंगावर बसवली आणि तिची पाठ स्वतःच्या गुडघ्यांना टेकवली. मेंढी गप्प. चारी पाय हवेत, नजर फळ्यावर.

“झोपली का?” मालकांनी विचारले.

“न्हाई मालक,” सून म्हणाली. “जागी हाय, पर काय करावं ते तिला सुचत न्हाई.”

“म्हंजी कारखान्याच्या सभेत आम्ही बसतो तसं!”

अर्थ सगळ्यांना कळला. जिन्यातले दोघे परतले. सरांना हुरूप आला आणि ते शब्दाच्या वाक्यातल्या वापराकडे वळले. आप्पा मेंढीला हिप्नोटाइझ करतात, हे वाक्य वर्गाने इंग्रजीत एका सुरात म्हटले. मग तेच भूतकाळात. पूर्ण भूतकाळ सुरू झाला तेव्हा आप्पांचे गुडघे थरथरत होते.

“सर, काळ आवरा. कंबर धरली.”

सर भविष्यकाळाकडे वळले, तेवढ्यात मेंढी उठली. तिने फळा पाडला, चटईवर लेंड्या टाकल्या आणि ती जिना उतरून गेली.

तास तिथेच संपला. सुनेने नाव नोंदवले, तिच्यामागे रांग लागली. मालक रांगेकडे आणि चटईकडे आळीपाळीने पाहत राहिले.

“खोली ऱ्हाऊ द्या, सर,” ते म्हणाले. “पण चार पायांची क्रियापदं खाली रस्त्यावर घ्या.”