पाहुण्याची रिंग

वेबरने आमचा सातवा पार्ट लाल क्रेटमध्ये टाकला. लाल क्रेट म्हणजे रिजेक्ट. आमचे प्लांट हेड साठे साहेब त्याच्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "सॉरी सर, वुई विल ट्रेन देम."

'देम' म्हणजे आम्ही दोघी. मी क्वालिटी मॅनेजर, नोकरीचं बाविसावं वर्ष. दुसरी सुरेखा, माझ्या हाताखालची इन्स्पेक्टर, सुदुंबऱ्याची. ते सातही पार्ट तिनेच ओके केले होते.

तळेगावच्या एमआयडीसीत आमची कंपनी पंपाची हाउसिंग बनवायची. हाउसिंग म्हणजे पंपाचा बाहेरचा अॅल्युमिनियमचा डबा. त्याच्या मधोमध साठ मिलिमीटरचं गोल भोक, त्याला बोअर म्हणतात. तो मायक्रॉनमध्ये मोजायचा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. आम्हाला सूट होती फक्त वीसची. जर्मनीचा ग्राहक म्हणत होता, तुमचे बोअर लहान येतात. आम्ही म्हणत होतो, बरोबर आहेत. तीन महिने मेल इकडून तिकडे गेले आणि शेवटी त्यांचा तपासनीस वेबर स्वतःचा गेज, म्हणजे मोजायचं उपकरण, घेऊन आला. तो नापास म्हणाला असता तर लाइन बंद पडली असती. त्या लाइनवर छत्तीस बायका होत्या. बहुतेकींचं घर त्यांच्या पगारावर चालायचं.

आदल्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं.

"मॅडम, उद्याचं प्रेझेंटेशन मृणाल करेल."

मृणाल एचआरमधली मुलगी. गोरीपान, उंच, इंग्रजी छान.

"तिला बोअरमधलं काय माहीत, साहेब?"

"स्लाइड तुम्ही करून द्या ना. फॉरेनर आहे. पुढे प्रेझेंटेबल माणूस लागतो."

या शब्दाची मराठी मी लहानपणापासून ऐकत आले होते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला कायम मागच्या रांगेत उभं करायचे. बघायला पाहुणे यायचे तेव्हा मावशी माझ्या मानेपर्यंत पावडर थापायची आणि सांगायची, "उजेडाकडे पाठ करून बस." इंजिनीअर झाले, मॅनेजर झाले, तरी तो शब्द पाठ सोडत नव्हता. आणि मी काय केलं? संध्याकाळपर्यंत बसून निमूटपणे स्लाइड करून दिल्या. त्याची मला अजून लाज वाटते.

स्लाइड घ्यायला मृणाल आली. जरा वेळ घुटमळली.

"मॅडम, मी एमबीए केलंय. आणि इथे कोणी पाहुणा आला की मला गुच्छ घेऊन उभं करतात. तुम्हाला राग आलाय ना माझा?"

"तुझा नाही गं," मी म्हटलं. तोवर मला वाटायचं, गोऱ्या मुलींचं बरं असतं.

दुसऱ्या दिवशी वेबर आला. पन्नाशीचा, कामाला चोख. मृणालच्या स्लाइड संपल्यावर त्याने विचारलं, पार्ट किती तापमानाला मोजता? मी मागून उत्तर दिलं, "वीस डिग्री. आधी चार तास खोलीत ठेवून." त्याने मान डोलावली, पण साठे साहेबांकडे बघून. पुढचा प्रश्नही त्यांनाच. साहेबांना उत्तर येईना, मग मी दिलं. पुन्हा मान साहेबांकडेच डोलली. खोलीत मी होते, पण उत्तरं जणू भिंतीतून येत होती.

मग मोजणी सुरू झाली आणि लाल क्रेट भरत गेला.

सुरेखा हळूच माझ्याजवळ सरकली. "मॅडम, पार्ट चुकीचं न्हाईत. म्या दोनदा मोजल्यात."

"मग त्यांचा आकडा वेगळा का येतोय?"

"त्यो गेज कशावर सेट करतोय त्ये बगा की. रिंगीला आतनं घासल्याची चमक हाय. आपन आसली रिंग कवाच काडून टाकली आसती."

इथे थोडं समजावते. बोअर गेजला स्वतःचं माप नसतं, तो फक्त तुलना करतो. आधी त्याला एका पोलादी कड्यात घालून शून्य लावायचं. ते कडं म्हणजे मास्टर रिंग. वापरून वापरून रिंग आतून झिजली की तिचं भोक मोठं होतं. मग तिच्यापुढे चांगला बोअरही लहान दिसतो.

मी पुढे गेले.

"मिस्टर वेबर, कॅन वुई चेक युवर रिंग?"

साहेब मराठीत कुजबुजले, "मॅडम, पाहुण्याची रिंग तपासणार तुम्ही? काहीतरीच काय!"

"साहेब, त्यांनी आपले पार्ट तपासले. आता त्यांची रिंग तपासू."

वेबरने साहेबांना सांगितलं की ही रिंग त्यांच्या जर्मनीतल्या लॅबमधून आली आहे, तिच्यात चूक असणं शक्य नाही.

मी म्हटलं, "प्लीज टॉक टू मी. क्वालिटी इज माय जॉब."

तेवढ्यात मृणाल उठून उभी राहिली आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "सर, क्वालिटीच्या प्रमुख नंदा मॅडम आहेत. स्लाइडही त्यांच्याच आहेत. मी फक्त वाचून दाखवल्या."

वेबरने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग रिंग उचलून माझ्या हातात दिली.

सुरेखाने आमच्या रिंगवर शून्य लावलं आणि त्याची रिंग मोजली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा फिरवून. अकरा मायक्रॉन मोठी.

"तुमचीच रिंग चुकीची असेल," वेबर म्हणाला. शंका रास्त होती. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

"मग दोन्ही पुण्याच्या लॅबमध्ये पाठवू. आजच."

दुसऱ्या दिवशी दुपारी सर्टिफिकेटं आली. आमची रिंग अर्ध्या मायक्रॉनने चुकलेली, म्हणजे चालणारी. त्यांची बारा मायक्रॉन मोठी. वेबरने कागद दोनदा वाचला आणि बाहेर जाऊन जर्मनीला फोन लावला. तिकडे नव्या रिंगवर सगळा अडकलेला माल पुन्हा मोजला गेला. चार पार्ट सोडून सगळा पास झाला. ते चार खरोखरच आमचे चुकले होते आणि मी ते लगेच मान्य केले. लाइन चालू राहिली.

निघण्याआधी वेबर मुद्दाम स्टँडर्ड रूममध्ये, आमच्या मोजणीच्या खोलीत, आला. सुरेखाला हे कसं कळलं, असं त्याने मला विचारलं. मी तिला मराठीत सांगितलं.

"रोज हाताळतोय की. कळतं," ती म्हणाली.

त्याने वहीत तिचं नाव लिहून घेतलं. सुरेखाने डोकावून पाहिलं. "मॅडम, त्यास्नी सांगा, शेवटाला ए ऱ्हायला." त्याने तो लिहिला.

साठे साहेब मला म्हणाले, "गुड जॉब. पण बोलायची पद्धत जरा..." वाक्य त्यांनी अर्धवटच सोडलं. पुढच्या ऑडिटला माझी खुर्ची पाहुण्याच्या शेजारी होती. कोणी लावली ते मी विचारलं नाही.

आता रिटायर होऊन मी वलवणला असते. दुपारी घर शांत झालं की ती खोली आठवते. जड दार लोटताच अंगावर येणारा गारवा, गेज पुसायच्या स्पिरिटचा वास, सुरेखाच्या डब्यातला इंद्रायणीचा भात, आणि जेवताना आम्हा तिघींचं खिदळणं. मृणाल त्या दिवसानंतर आमच्यातच जेवायला लागली होती. पुढे तिने गुच्छ धरायला साफ नकार दिला आणि ट्रेनिंगचं काम मागून घेतलं. ती स्टँडर्ड रूम आता सुरेखा सांभाळते. मध्यंतरी तिचा फोन आला होता. नवीन पोरी घाबरतात म्हणाली, "मोटा मानूस आला की आकडाच बदलाया बगतात."

आमच्या ऑडिटच्या फॉर्मवर तेव्हा एक ओळ वाढली. बाहेरून आलेला गेज आणि रिंग आधी तपासून घ्यावी. धडा म्हणाल तर तेवढाच. कुणी आपल्याला कमी ठरवलं, तर कशावर मोजलं ते विचारावं. त्याला फार इंग्रजी लागत नाही.