नमस्कार शिट्टीनंतर

आमच्या वन्संच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची असतात, पडता येणारी आणि पडता न येणारी. बाकी जातपात, शिक्षण, पगार हे सगळं नंतर. लग्न होऊन मी साताऱ्याहून ग्वाल्हेरला आले, तेव्हा जयेंद्रगंजातल्या घराचं माप ओलांडताना जराशी अडखळले. सासूबाई घाबरल्या, यजमानांनी हात पुढे केला, आणि या माझ्या थोरल्या नणंदेनं मागून शांतपणे सांगितलं, की पडायचं तर हात टेकायचा नाही, मनगट जातं, हनुवटी आत घेऊन खांद्यावर पडायचं. नव्या सुनेला मिळालेला हा माझा पहिला उपदेश. या घराण्यातले पूर्वज दख्खनेतून लढाईसाठी इकडे आले होते. पुढे लढाया संपल्या, तलवारी भिंतीवर गेल्या, मुलं बँकेत लागली. फक्त हे सगळं वन्संना कोणी कळवलं नाही. त्यांनी लग्न केलं नाही, मुलींच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका झाल्या आणि पन्नाशी उलटल्यावर कुठल्याशा शिबिरातून अंड्यासारखा एक चेंडू काखेत मारून घरी आल्या. हा रग्बीचा चेंडू आहे, असं त्यांनी आम्हाला सांगितलं आणि तो देवघराच्या कोनाड्यात ठेवला, कारण घरात इतरत्र तो गडगडत होता.

रग्बीत चेंडू हातानं पुढे फेकायचा नसतो, बाजूला किंवा मागेच द्यायचा असतो. वन्संनी हा नियम जेवणाच्या टेबलावरही लागू केला. शेजारच्याला भाजी मिळे, मागून जाणाऱ्याला पोळ्यांचा डबा मिळे. समोर बसलेले यजमान मात्र मिठाची वाट पाहत आळणी वरण संपवत. मुरारच्या बाजारात त्यांनी एकदा चालता चालता, वळूनही न पाहता, दुधी भोपळा माझ्याकडे मागे टाकला. मी तो दोन्ही हातांनी झेलला. भाजीवाला टाळ्या वाजवायला लागला आणि खरं सांगते, त्या दिवसापासून मी त्यांची झाले. शाळेतल्या मुलींना पडायला शिकवायचं म्हणून आमच्या दिवाणावरच्या गाद्या शाळेच्या मैदानावर गेल्या त्या गेल्याच. पाहुणे नुसत्या फळीवर चादर टाकून बसत आणि लवकर उठत, हा एक फायदाच झाला.

पहिली दोन वर्षं खेळ बिनधक्क्याचा होता. वन्संनी टोपी बाजारातल्या गोटा-किनारीच्या दुकानातून लाल-पिवळ्या फिती आणल्या. प्रत्येक मुलीच्या कमरेला दोन फिती, आणि चेंडू घेऊन पळणारीची फीत उपटली की तिला अडवलं असं समजायचं. अंगाला हात लावायचा नाही. मुली हरणासारख्या पळत, आईबाप खूश, शाळा खूश. मग भोपाळच्या स्पर्धेचं पत्र आलं. तिथे फिती नव्हत्या, तिथे मिठी मारून खाली पाडायचं होतं. वन्संनी त्याची तयारी आधी घरी केली. बैठकीत गुडघ्यांवर बसल्या, बँक मॅनेजर असलेल्या माझ्या यजमानांना गुडघ्यांवर चालत समोरून यायला सांगितलं, आणि गाल मांडीला लावून, डोकं मागच्या बाजूला ठेवून त्यांना इतक्या अलगद आडवं केलं, की त्यांचा चष्माही हलला नाही. आधी गुडघ्यांवर, मग उकिडवं, मग चालत, आणि अगदी शेवटी पळत, असा त्यांचा क्रम होता. मंत्र एकच, जमिनीपर्यंत सोडायचं नाही आणि जमीन आली की धरून ठेवायचं नाही. धरून ठेवलं तर पेनल्टी.

मुली हे सगळं शिकल्या. घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी. आपल्याकडे कोणाला पाय लागला, तर हात लावून कपाळाशी नेतात. या मुलींच्या तर ते हाडीमासी भिनलेलं. आठ-दहा जणींच्या झटापटीत पाय लागणारच, आणि लागला की दोघी थांबत, "सॉरी दीदी" म्हणत, नमस्कार करत, आणि चेंडू बिचारा बाजूला एकटाच पडून राही. वन्सं ओरडल्या नाहीत. संस्कार मोडायचा नाही, पुढे ढकलायचा, असं त्यांनी ठरवलं. खेळताना नमस्कार मनात ठेवायचा, शिट्टी झाली की करायचा. त्यानंतर शिट्टी वाजली की अख्खं मैदान एकमेकींपुढे वाकलेलं दिसे, आणि तुझे तीन राहिले, माझे दोनच झाले, यावर खरी भांडणं होत.

पण स्पर्धेसाठी पालकांच्या सह्या लागत होत्या आणि एकही येत नव्हती. सगळ्यांची नजर संघाच्या कॅप्टनच्या वडिलांकडे होती. ही कॅप्टन नववीतली, अबोल, आणि पकडीत सगळ्यांत पक्की. वडिलांचं कुलपांचं दुकान. ते नम्रपणे म्हणाले, "मैडम, फीते वाला खेल ही ठीक है. लड़की को लग गई तो?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. वन्सं मार्चअखेर निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्यामागे हा खेळ शिकवणारं शाळेत कोणी नव्हतं. संघ भोपाळला गेला नाही, तर गाद्या घरी परत येणार होत्या, कायमच्या. त्या आठवड्यात वन्संनी मीठ सरळ समोर दिलं. तेव्हा मला त्यांची काळजी वाटायला लागली.

रविवारी सकाळी त्यांनी सगळ्या पालकांना मैदानावर बोलावलं. केसांचा घट्ट अंबाडा घातला, चष्मा माझ्या हातात दिला, शिट्टी माझ्या गळ्यात अडकवली. "तू फुंकायची. मी सांगितल्याशिवाय नको फुंकू," म्हणाल्या. मग चेंडू छातीशी धरून कॅप्टनसमोर उभ्या राहिल्या. साठीच्या बाईंना पाडायचं, तेही आपल्या बाईंना. मुलगी हात जोडून उभीच. डोळ्यांत पाणी. वन्सं म्हणाल्या, "अभी मैं मैडम नहीं हूँ. बस गेंद वाली हूँ." आणि त्या पळत सुटल्या.

मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. मुलगी खाली वाकली, गाल मांडीला, डोकं मागे, दोन्ही हात घट्ट, आणि दोघी आमच्याच दिवाणाच्या गादीवर आल्या. पडताना तिचा पाय वन्संच्या नडगीला लागला. तिचा हात सवयीनं वर उठला आणि तिथेच थांबला, कारण शिट्टी झाली नव्हती. तिनं वन्संना सोडलं, उठली, सुटलेला चेंडू उचलला, पळत जाऊन रेषेपलीकडे टेकवला, म्हणजे गुणही घेतले. वन्संनी पडल्या पडल्या बोट वर केलं. मी शिट्टी फुंकली. मग ती परत आली आणि नमस्कार केला.

वडील धावत आले. मुलीला नाही, वन्संना विचारायला लागले, लागलं तर नाही ना. वन्सं गादीवरून आकाशाकडे बघत म्हणाल्या, "ज़मीन तक पकड़के लाई है आपकी बेटी. इतना सँभालके मुझे आज तक किसी ने नहीं पकड़ा." सगळे हसले. मी हसता हसता थांबले, कारण ते खरं होतं. वडिलांनी माझ्याकडे पेन मागितलं.

भोपाळला आमच्या मुली पहिल्याच सामन्यात दणकून हरल्या आणि येताना गाडीभर गात आल्या. कॅप्टन आता खेळाची शिक्षिका व्हायचं म्हणते.

मार्चमध्ये वन्संचा निरोप समारंभ झाला. हार घालायला अडचण नको म्हणून त्यांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली होती. सगळं संपल्यावर मुलींनी त्यांना चारी बाजूंनी मिठी मारली आणि सोडेनात. वन्सं म्हणाल्या, "ज़मीन आ गई, अब छोड़ो. पेनल्टी लगेगी." शिकवलेल्या मुली त्या, एकेक करून सगळ्यांनी सोडलं. वन्संनी मात्र कॅप्टनची बाही धरली होती, ती धरलेलीच राहिली. शिट्टी माझ्याकडे होती. मी वाजवली नाही.