प्रणिताचं टूर्मलीन

बायकोला मी जवळजवळ सगळं सांगतो. बँकेत झालेलं भांडण, डॉक्टरांनी बंद केलेली आणि तरीही खाल्लेली भजी — सगळं. हे मात्र तिलाही ठाऊक नाही. मित्रांना नाही, संस्थेतल्या कुणालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर हे बोलायला माझं तोंड उघडत नाही, एवढंच.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी क्ष-किरणांचं यंत्र सांभाळत असे. खनिजाचा एक बारीक दाणा — मिठाच्या कणाहून लहान — काचेच्या तंतूच्या टोकावर चिकटवायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि ते कसे विखुरतात त्यावरून आतले अणू कुठे कुठे बसलेत ते काढायचं. निवृत्त होईपर्यंत हेच केलं. बाकी मला फारसं काही येत नाही. गाडी मागे घेता येत नाही, वांगी निवडता येत नाहीत. पण दाणा उचलावा तर मीच, असं संस्थेत म्हणायचे. माझ्या हातून दाणा कधी हरवत नाही — हे इतरांनी म्हटलं होतं की मीच आधी म्हटलं होतं आणि मग इतर म्हणू लागले? बहुधा मीच. नवीन विद्यार्थी आला की पहिल्या चहालाच मी त्याला ते ऐकवत असे.

आता थोडं टूर्मलीनबद्दल सांगायला हवं. टाळाटाळ करतोय असं वाटेल — थोडी करतोयही — पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

टूर्मलीन म्हणजे तुम्ही सोनाराकडे पाहिला असेल तो गुलाबी-हिरवा खडा. खडकात मात्र ते बहुतेक वेळा काळं असतं, उभ्या रेघा असलेल्या कांड्यांसारखं. त्याच्या पोटात सिलिकॉन आणि ऑक्सिजनची सहा-सहांची कडी असतात, एकावर एक रचलेली. गंमत अशी की त्या कड्यांची सगळी टोकं एकाच दिशेला तोंड करून असतात. त्यामुळे स्फटिकाचं वरचं टोक आणि खालचं टोक सारखं नसतं. तापवलं तर एका टोकाला धन भार येतो, दुसऱ्याला ऋण, आणि धूळ, राख जे काही जवळ असेल ते येऊन चिकटतं.

मी कोथरूडला राहतो, त्यामुळे मला दाखला सोसायटीचाच सुचतो. टूर्मलीनच्या सगळ्या जातींचा नकाशा एकच, बांधकाम एकच. फरक असतो तो कुठल्या खोलीत कोण राहतं याचा. कड्याच्या पोकळीशी एक मोठी खोली असते. तिथे बहुतेकदा सोडियम राहतो, कधी कॅल्शियम, आणि कधी ती चक्क रिकामी असते. त्याखेरीज आणखी तीन खोल्या असतात. तिथे लोह असेल तर एक नाव, मॅग्नेशियम असेल तर दुसरं, लिथियम असेल तर तिसरं. वर्गीकरण करताना आधी मोठी खोली पाहायची — सोडियम जास्त, कॅल्शियम जास्त की रिकामपण जास्त? मग बाकीच्या खोल्या. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. काळं ते काळंच. आणि एकाच कांडीचा गाभा एका जातीचा आणि वरची साल दुसऱ्या जातीची, असंही होतं, कारण कांडी वाढत असताना भोवतालचं रसायन बदलत गेलेलं असतं. हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. फळ्यावर चित्र काढून शिकवलं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मला कुठेच म्हणता येणार नाही.

प्रणिता भंडाऱ्याकडची. आजोळजवळच्या टेकडीवरचं टूर्मलीन घेऊन ती पीएच.डी.ला पुण्यात आली होती. हुशार होती आणि भांडखोर होती. यंत्राचा वेळ दुसऱ्याला दिला तर दारात येऊन उभी राहायची. पुण्यात आल्यावर ती जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायला शिकली होती, पण उत्साहात आली की सगळं सुटायचं. एकदा धावत माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "सर, मी किती वेळा तपासून राहिली, तर खोली रिकामीच दिसून राहिली न!"

तिचं म्हणणं असं होतं, की त्या टेकडीवरच्या टूर्मलीनच्या सालीत मोठी खोली अर्ध्याहून जास्त रिकामी आहे आणि बाकीच्या खोल्यांत मॅग्नेशियम आहे. अशी जात क्वचित सापडते. तिचा अख्खा प्रबंध त्यावर उभा होता. इलेक्ट्रॉनच्या झोताखाली तिनं सालीची रासायनिक तपासणी केली होती. उरली होती ती माझी बाजू, म्हणजे क्ष-किरणांनी खोली खरंच रिकामी आहे का ते पाहणं. आमच्याकडे शिस्त अशी, की ज्या जागेची तपासणी झाली, नेमका तिथलाच दाणा सुईनं कोरून काढायचा आणि यंत्रावर चढवायचा. साल अगदी पातळ होती. खूप खटपटीनंतर तिला एक धड दाणा मिळाला. तो तिनं मला दिला, कोरताना पडलेला सालीचा-गाभ्याचा मिसळलेला चुरा एका छोट्या बाटलीत ठेवला आणि चुलतबहिणीच्या लग्नाला गावी गेली.

तो दाणा माझ्या हातून हरवला.

कसा, यात सांगण्यासारखं काही नाही. चिमट्यातून उडाला. टूर्मलीनला भार येतो, तो सुईलाच चिकटतो, मग भलतीकडे उडतो — हे कारण मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला दिलं. खरं कारण हे, की मी त्या वेळी फोनवर बोलत होतो. फोन खांद्याशी धरून मी कुणाला तरी सांगत होतो, की शनिवारी जेवायला या. फरशी होती मोझेकची, काळ्या ठिपक्यांची. तिच्यावर मी गुडघे टेकून, टॉर्च घेऊन शोधत राहिलो. शिपाई आत डोकावला तेव्हा चष्मा शोधतोय म्हणालो, चष्मा नाकावर असताना.

थांबता आलं असतं ना? प्रणिता येईपर्यंत थांबायचं आणि सांगायचं, की बाई, हरवला, दुसरा कोरू. ती भांडली असती. भांडू दे की. पण "सरांच्या हातून दाणा हरवला" हे वाक्य चहाच्या टेबलावर बोललं जाणार होतं, आणि ते मला सहन होईना. मी बाटलीतला चुरा काचेवर ओतला, त्यातला एक छानसा दाणा उचलला आणि चढवला. त्याच दगडातला तर आहे, म्हटलं. मनातल्या मनात सुद्धा मी "सालीतला आहे" असं म्हटलं नाही. म्हणजे बघा, लबाडी करतानाही शब्द किती जपून वापरले.

उत्तर आलं ते स्वच्छ आलं. मोठी खोली सोडियमनं जवळजवळ भरलेली. साधं, ठिकठिकाणी सापडणारं टूर्मलीन. तो दाणा गाभ्यातला होता हे मला त्या क्षणी कळलं. मी आकडे छापून प्रणिताच्या टेबलावर ठेवले.

ती परत आली आणि ते आकडे घेऊन नुसती बसून राहिली. माझ्याशी भांडायला आली नाही. याचंच मला नवल वाटलं — आणि सुटल्यासारखंही वाटलं, हेही सांगायला हवं. यंत्राचा वेळ दिला नाही म्हणून भांडणारी मुलगी माझ्या उत्तरावर एक शब्द बोलली नाही, कारण माझ्या हातावर तिचा विश्वास होता. तिनं स्वतःच्याच कामात चूक शोधायला सुरुवात केली.

पुढे समितीसमोर तिला सगळं मांडावं लागलं. तिच्या तपासणीत खोली रिकामी, माझ्या तपासणीत भरलेली. समितीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी चष्मा पुसत विचारलं, की झोत जरा जोरात लावला की सोडियम जागेवरून पळतो आणि खोली उगाच रिकामी दिसते, हे आपण ऐकलंय का? ती म्हणाली, झोत कमीच ठेवला होता. तेव्हा ते म्हणाले, "मग एकतर स्फटिक खोटं बोलतोय, नाहीतर आपण. स्फटिकाला पीएच.डी. नकोय." सगळे हसले. मीही हसलो. हे मला कधी विसरता आलं नाही — मी नाइलाजानं हसलो नव्हतो, विनोद चांगला होता म्हणून हसलो होतो.

मग ते माझ्याकडे वळले. "अहो, दाणा तोच होता ना? तिनं दिलेला?"

प्रणिता माझ्याकडे पाहत होती. तिच्या नजरेत संशय नव्हता. उलट मला असा प्रश्न विचारल्याबद्दल तिलाच अवघडल्यासारखं झालं होतं.

मी म्हणालो, "हो."

त्या "हो"मुळे तिचं काम बसलं. तपासणी निष्काळजीपणे केली असं शेऱ्यात आलं, सगळं नव्यानं करा असं सांगण्यात आलं. नव्यानं करायला साल उरली नव्हती. पुन्हा टेकडीवर जाणं, पुन्हा कांड्या आणणं, कापणं, घासणं — आणि शिष्यवृत्ती संपत आलेली. तिचे गाइड भले गृहस्थ, पण वादाला भिणारे. त्यांनी विषय बदलायला सुचवलं. तिनं विषय बदलला नाही. संस्था सोडली. हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली, असं कुणीतरी सांगितलं. पगार चांगला आहे, असंही सांगितलं. त्या पगाराचा मी बरीच वर्षं आधार घेतला.

तुम्हाला वाटेल, झालं, एवढंच. नाही. एवढंच असतं तर मी कदाचित आतापर्यंत कुणाजवळ तरी बोललो असतो.

ती गेल्यावर काही महिन्यांनी कपाट आवरताना ती चुऱ्याची बाटली सापडली. मी ती सूक्ष्मदर्शकाखाली पालथी केली. का केली? खरं काय ते कळावं म्हणून? की प्रणिता चुकीची निघाली तर आपण सुटू म्हणून? दुसरंच असणार. तिनं खराब म्हणून सोडलेल्या कणांत बाकीच्यांहून वेगळा, किंचित निळसर झाक असलेला एक कण होता. वेडावाकडा, पण चालण्यासारखा. तो मी चढवला. या वेळी फोन बंद होता आणि हात अजिबात हलले नाहीत.

खोली रिकामी होती. अर्ध्याहून बरीच जास्त रिकामी, तिनं म्हटलं होतं तशीच.

मी खुर्चीत बसून ते पाहत राहिलो. भरदुपार होती, बाहेर मुलं क्रिकेट खेळत होती. प्रणिताचा नंबर माझ्याजवळ होता. तिच्या गाइडांची खोली त्याच मजल्यावर होती. समितीला एक ओळ लिहिली असती, तर शेरा मागे घ्यावा लागला असता आणि तिला परत येता आलं असतं. हे सगळं मला त्या खुर्चीत स्पष्ट दिसत होतं. मी तो कण तंतूवरून झटकला आणि संगणकावरची मोजमापं पुसून टाकली. मग पुसलेलं जिथे साठतं ती संगणकातली कचऱ्याची टोपली तपासली आणि तिथूनही पुसली. पहिल्या वेळी मी घाबरलो होतो, समितीसमोरही घाबरलो होतो. त्या दुपारी मी घाबरलेलो नव्हतो. शांतपणे, नीट काम केलं. नंतर चहाला गेलो.

तीच खरी गोष्ट आहे, आणि तीच सांगायला मला इतकं फिरून यावं लागलं.

गेल्या वर्षी कोथरूडमध्येच दाताच्या डॉक्टरांकडे प्रणिता भेटली. मी दाढ धरून बसलो होतो. ती आईला घेऊन आली होती, आई आता तिच्याकडेच असते. तिनं मला लगेच ओळखलं, वाकून नमस्कार केला. केस पांढरे व्हायला लागलेत तिचे. आईला म्हणाली, "आई, हे आमचे सर. यांनीच माझी चूक पकडली होती. नाहीतर मी चुकीचंच छापून बसले असते." हे ती हसत म्हणाली. टोमणा असेल म्हणून मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. टोमणा नव्हता.

आईनं पदर सावरला आणि हात जोडले. म्हणाल्या, "पोरीनं लय तरास देला असन न तुमाले?"

आत दुसरा पेशंट होता. आम्हा तिघांखेरीज तिथे कुणी नव्हतं. माझी संस्था सुटली होती, समितीतले ते गृहस्थ वारले होते, माझं कुणी काही वाकडं करू शकलं नसतं.

मी म्हणालो, "नाही हो. असू द्या. होतं असं एखाद्याचं."

त्या माउलीनं माझे आभार मानले. मी मोठ्या मनानं मान डोलावली आणि माझा नंबर आला तेव्हा उठून आत गेलो.